अडीच विसा

खराडीत सातव्या मजल्यावर, रात्री अकराला
हेडफोन चढवले की परकी माणसं कानात बोलायला लागतात.
मी फक्त ठरवायचं : एक, दोन की तीन.
एक डॅनिश, दोन नॉर्वेजियन, तीन स्वीडिश.
आठ सेकंदांचा तुकडा, बटण, पुढचा तुकडा.
अर्थ कळायची अट नव्हती,
मुलाखतीतच तसं स्पष्ट सांगितलेलं.

पहिला आठवडा सगळं एकच वाटलं,
शेजारच्या खोलीतलं भांडण भिंतीतून यावं तसं.
मग रुबीना शिकलगारनं, जिची इथं दोन वर्षं झालीत,
कॉफीच्या मशीनपाशी खुणा दिल्या :
माणूस 'नाही' कसं म्हणतो ते ऐक.
'इन्ते' आलं, तर डोळे मिटून तीन.
'इके' आलं तर थांब, घाई करू नको.
वाक्य चढण चढत संपलं,
साधी गोष्टही विचारल्यासारखी सांगितली, तर बहुतेक दोन.
आणि शब्द अर्ध्यात गिळला, घशात बारीक उचकी अडकली,
की एक. ते लोक लिहिताना सगळी अक्षरं लिहितात गं,
बोलायला निघताना निम्मी घरी ठेवतात.

एक शब्द म्हणे तिघांकडेही आहे.
दोघांकडे त्याचा अर्थ शांत, स्वीडनमध्ये गमतीदार.
मी त्या रात्री तीन तुकडे चुकवले,
कुणाची तरी लेक स्थळ बघून येते,
म्हणते मुलगा शांत आहे,
आणि सीमेपलीकडची मावशी खो खो हसते.

मी साक्रीची. घरी अहिराणी.
पुण्यात पहिल्या वर्षी आईचा फोन आला
की खोलीतल्या मुली विचारायच्या, ही गुजराती का?
एक म्हणाली राजस्थानी.
एकीनं पैज लावून सांगितलं, कोकणी.
मग मी 'माले'चं 'मला' केलं, 'कथा'चं 'कुठे',
'पानी'तला 'ण' जागेवर बसवला
आणि फोन घेऊन जिन्यात जायला लागले.
आता कुणी विचारत नाही.
आठ सेकंदांत मी ओळखू येत नाही.

मार्चमध्ये एका तुकड्यात म्हातारा काहीतरी मोजत होता.
उचकी होती, मी एक दाबलं.
पण तो शब्द डोक्यातून जाईना : हॅल्त्रेस.
रुबीना म्हणाली, पन्नास.
इतर दोघं सरळ पाच दहा म्हणतात,
हे मात्र म्हणतात तिसरा अर्धा, गुणिले वीस.
डोक्याला ताप.

तिसरा अर्धा.
म्हणजे अडीच.
अडीच विसा!
आमचे आप्पा कडब्याच्या पेंढ्या अशाच मोजायचे,
बोटावर थुंकी लावून, अडीच ईसा, तीन ईसा,
आणि मी शाळेतून आलेली, त्यांना सुधारायची,
पन्नास म्हणा आप्पा, साठ म्हणा.
आणि नव्वद? मी विचारलं.
साडेचार, रुबीना म्हणाली, तुला कसं कळलं?
मला काहीच कळलं नव्हतं,
फक्त त्या म्हाताऱ्याच्या हातात आता पेंढी होती.

काल पहाटे चारच्या सुमाराला एक बाई आली.
'इन्ते' म्हणाली, स्वच्छ, दोनदा.
पण घशातून. शब्दांच्या शेपट्या गिळत.
'नाही' तिकडचं, आवाज इकडचा.
मी तुकडा परत लावला. परत.
मागे दार लोटल्याचा आवाज होता,
नंतर तिचा आवाज घुमायला लागला,
जिन्यात येतो तसा.
तीन दाबायला हवं होतं.
अचूकता चौऱ्याण्णव टक्के आहे माझी, ती पडली असती.
पडद्यावरचं घड्याळ लाल झालं
आणि अन्वय सर खुर्ची सरकवत आले, काय झालं?

काही नही, मी म्हणाले.

त्यांना बहुधा ते हिंदी वाटलं.